अंग टाकताना

मी पोहायला शिकवत नाही.
सेवान सरोवराच्या काठी पायडलच्या नावा भाड्याने देतो,
हंसाच्या आकाराच्या, चार.
एकाची मान गेल्या वर्षीच्या वाऱ्यात मोडली,
तो आता माझं कपाट आहे.

सप्टेंबरात गिऱ्हाईक संपलं
तेव्हा ती आली, अरुस्याक,
ग्युम्रीच्या चपलांच्या कारखान्यात हिशेब लिहायची.
कारखाना गेला, बोटावरचा शाईचा डाग राहिला.
म्हणाली, झिराइर, मला तरंगायला शिकव.
पोहायचं नाही. कुठे जायचं नाही मला.
नुसतं पडायचंय.

इथलं पाणी सकाळी सातला असं गार
की शिवी आपोआप येते.
तिने दिली नाही. दात आवळले,
आणि कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली
बँकेच्या रांगेत उभं राहावं तशी.

अंग टाक, मी म्हणालो,
माझा तळहात तिच्या मानेखाली.
तिला टाकणं जमेना.
ती अंग ठेवत होती,
काचेचं सामान ठेवावं तसं, नजर न काढता,
आणि ठेवलेली वस्तू पाण्यात बुडते.
पहिल्या दिवशी सात वेळा पाणी प्यायली.
दुसऱ्या दिवशी मी मोजलं नाही.

डोकं दे इकडे, मी म्हणायचो,
समज कलिंगड आहे,
विकलं गेलंय, आता तुझं नाही.
ती हसायची, आणि हसताना बुडायची.
मूठ सोड.
कुठली मूठ? विचारायची.

चौथ्या दिवशी थर्मासमधला पाल्याचा चहा पिताना
आपणहून बोलली, पाण्याकडे बघत:
डिसेंबर होता. पावणेबाराला चार मिनिटं कमी.
मी वही आणायला जिन्यात आले होते.
लोक म्हणतात ना, पायाखालची जमीन सरकली,
म्हणायला काय जातं.
माझी खरंच सरकली.
तेव्हापासून जीव मुठीत आहे, झिराइर,
चौतीस वर्षं. झोपेतसुद्धा.
सकाळी तळहातावर नखांच्या चार चंद्रकोरी असतात.

यावर बोलायचं काय?
मी म्हणालो, पाण्याला पाया नसतो.
मग वाटलं, हे काय बोललो मी.
रस्त्यावर धुरी दिलेला मासा विकणारे दोघं
हात पसरून गाड्यांना दाखवत होते,
एवढा, एवढा मासा.
त्यांच्याकडे बघत आम्ही चहा संपवला.

सहाव्या दिवशी वारा पडला होता.
कान पाण्याखाली गेले की आपलाच श्वास
शेजारच्या खोलीतल्या माणसासारखा ऐकू येतो,
कुणीतरी आहे, एवढंच कळतं.
ती ऐकत असावी.
आधी जबडा सैल झाला, मग खांदे,
मग एकेक बोट, करंगळीपासून,
छोटी देणी आधी फेडावीत तसं.
हात आहे ना? तिने विचारलं.
आहे, मी म्हणालो.
माझे दोन्ही हात माझ्या काखेत होते, थंडीने.

पाणी तिला हळूहळू घेऊन गेलं
जिथे मलाही ठाव लागत नाही तिथवर.
मी हाक मारली नाही.
एक हात अंतर ठेवून मागे पोहत राहिलो,
आवाज न करता, चोरासारखा.
मठाच्या टेकडीवरून ऊन उतरलं,
तिच्या पोटावर आलं, थांबलं.

काठावर केसांना टॉवेल गुंडाळत म्हणाली,
हात काढलास तेव्हाच कळलं मला.
मग विचारलंस कशाला?
तुला वाईट वाटू नये म्हणून.

जाताना सुक्या जर्दाळूंची पिशवी
मोडक्या हंसात ठेवून गेली.
बस वळणाआड गेली तरी माझ्या डोळ्यांसमोर
पाण्याबाहेर आलेले ते दोन अंगठे,
नखांना लालभडक रंग.
सहा दिवस तिच्या पायांकडे
माझं लक्षच गेलं नव्हतं.
त्यांच्यावर ती उभी असायची ना.